चार टाके

लातूर,
५ फेब्रुवारी २०२४

ती. केवळाअक्कास,
गोदावरीचा नमस्कार.

फोन भाऊजींच्या खिशात असतो आणि ते तो मोठ्या आवाजावर लावूनच तुझ्या हातात देतात, म्हणून पत्र लिहिते आहे. अंगणवाडीच्या आरतीच्या पत्त्यावर टाकते. तिने कुणासमोर देऊ नये.

या महिन्याच्या शेवटी नांदेडच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची मायक्रोबायॉलॉजीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरची परीक्षक म्हणून मला नेमलंय. काल विद्यार्थ्यांची यादी आली. सदतिसाव्या क्रमांकावर नाव आहे: वरद कंधारकर. मी कॉलेजात ओळखीच्या एकाला विचारून खात्री केली. डॉ. अनंतराव कंधारकरचा नातू.

तोच अनंतराव. १९९३ साली मुखेडला दवाखाना होता तो.

तुला काही नव्याने सांगायचं नाही, पण मला एकदा नीट मांडायचंय, मी मुलांना केस लिहायला लावते तसं. मुलगा, वय सात, नाव बजरंग. घरचंच कुत्रं गालाला चावलं. आई त्याला अर्ध्या तासात दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरने जखम धुतली नाही. चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. त्या वेळी पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं नांदेडला मिळत होती, त्यांचं नावही काढलं नाही. पंचविसाव्या दिवशी मुलगा रेबीजने गेला. मग डॉक्टरने भाऊजींना कागद दाखवला. त्यावर लिहिलेलं, ‘पत्र्याने कापले’. म्हणाला, “बाईने मला पत्रा लागला म्हणून सांगितलं. कुत्रं म्हणाली असती तर मी उभ्या उभ्या नांदेडला धाडलं असतं.” कुत्रं तू पाळलेलं, म्हणून तू लपवलंस, असं घराने मानलं आणि मग गावाने.

अक्का, हा मुलगा माझ्या टेबलासमोर बसणार आहे. तोंडी परीक्षेत कुणाला काय विचारायचं हे मी ठरवते. पंचवीस वर्षं हेच काम केलंय, कुठल्या प्रश्नावर मुलं आडवी होतात ते मला पाठ आहे. तो पास होणार नाही.

तुझी,
गोदा


मुखेड,
९ फेब्रुवारी

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आरतीनं पोषण आहाराच्या डब्यात घालून आणून दिलं. दोनदा वाचलं.

तू लई शिकलीस, पण हे काही तुला नीट सुचलं न्हाई. नातू नापास झाला तर काय होईल? सहा महिन्यांनी पुन्हा बसेल. माझ्या पोराला पुन्हा बसता येतंय का?

आणि म्हातारा काय म्हणेल? ‘परीक्षक खडूस होती’ म्हणेल. त्याला कळणारच न्हाई की हे कशाचं हाय. मला असली चोरून दिलेली चापट नको.

मला त्याच्या तोंडून पाहिजे. माझ्या ओट्यावर, ह्यांच्यासमोर आणि शेजारपाजारच्यासमोर, की ‘ही बाई कुत्रं म्हणाली होती, मी खोटं लिहिलं’. एवढंच. सासूबाई मरेपर्यंत मला पोरखाई म्हणाल्या. त्या गेल्या, त्यांना आता ऐकू येणार न्हाई. पण हे ऐकतात. एका घरात राहून राहिलो, माझ्या हातचं खातात, आणि एकतीस वर्षं माझ्याशी बोलायचं तर भिंतीकडं बघून बोलतात. “पाणी गरम झालं असंल तर कुणी सांगा.” घरात मी आणि ते. कुणी म्हणजे कोण?

पोराला पाडायचं असंल तर पाड, मी आडवी येत न्हाई. पण मला ते पुरणार न्हाई.

तुझी,
अक्का


नांदेड,
१२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय डॉ. गोदावरी पटणे मॅडम यांसी,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपला प्रत्यक्ष परिचय नाही, तरी आपल्या शिस्तीची ख्याती नांदेडपर्यंत आहे. मी चाळीसहून अधिक वर्षे वैद्यकीय सेवेत होतो, त्यातील मधली काही मुखेडसारख्या मागास भागात काढली. आता वयोमानाने निवृत्त आहे.

माझा नातू चि. वरद (परीक्षा क्रमांक ३७) आपल्यापुढे येत आहे. अभ्यासू आहे, मात्र समोर वडीलधारे बसले की गोंधळतो. आपली कृपादृष्टी राहावी, एवढीच एका वृद्ध डॉक्टरची दुसऱ्या डॉक्टरला विनंती. परीक्षा संपल्यावर सहकुटुंब आमच्याकडे भोजनास यावे.

आपला नम्र,
डॉ. अनंतराव कंधारकर


लातूर,
१५ फेब्रुवारी

ती. अक्कास नमस्कार.

सोबत एका पत्राची झेरॉक्स आहे. वाच. त्याला मी कोण हे माहीत नाही. मी पटणे, तू इंगोले. आपल्या दोघींचं माहेर एक आहे हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ‘मुखेडसारखा मागास भाग’ या शब्दांखाली मी पेनाने रेघ मारली आहे.

परीक्षकाला असं पत्र आलं की त्याच दिवशी विद्यापीठाला कळवायचं असतं. मी कळवलेलं नाही. कळवलं तर पोराची परीक्षा रद्द होऊ शकते आणि म्हातारा घरबसल्या बदनाम होईल. मी ते कपाटात ठेवलंय. माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच नियम मोडते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. पोराला पाडून भागणार नाही. पण म्हाताऱ्याला तुझ्या ओट्यावर आणायचं तर हातात काहीतरी हवं. हे शिफारसपत्र पुरेल का? या पत्राने तो भिईल, पण भिऊन बोललेलं भाऊजी खरं मानतील का? ‘बाईच्या बहिणीने धमकावलं म्हणून बोललो’ असं तो नंतर म्हणेल. त्याने स्वतःहून कुठेतरी खरं बोललेलं असायला हवं. असं कुठे असेल?

गोदा


मुखेड,
१९ फेब्रुवारी

चि. गोदा,

झेरॉक्स वाचून चुलीत घातली.

मला एक सांग. बजरंगाच्या दहाव्याला तू औरंगाबादहून आलीस. मोठी परीक्षा द्यायची होती तुझी. मला मागच्या दारी नेऊन विचारलंस, “अक्का, खरं सांग, तू पत्रा म्हणालीस का?” मी न्हाई म्हणाले. तू मान हलवलीस.

ती मान कसली होती? तू तरी मानलं होतंस का माझं?

उत्तर दे. बाकीचं मग.

अक्का


लातूर,
२८ फेब्रुवारी

ती. अक्का,

परीक्षा काल संपली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आतला परीक्षक म्हणून डॉ. वीरभद्र होते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सरळ माणूस. सदतीस नंबर दुपारी आला. उंच, चष्मा, ॲप्रनची बटणं चुकीच्या काजांत. मी त्याला आधी सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलं. क्षयाच्या जंतूंची स्लाइड त्याने अर्ध्या मिनिटात ओळखली. मग जंतू रंगवून ओळखायची ग्रामची रंगक्रिया त्याच्याकडून करून घेतली. स्पिरिटने किती सेकंद धुवायचं इथे निम्मी मुलं चुकतात, हा चुकला नाही. मग टेबलावर बसवलं. इतरांना मी दहा मिनिटं देते. याला पंचवीस दिली. विषमज्वराची कुठली तपासणी कुठल्या आठवड्यात, देवीचा रोग गेला आणि पोलिओ का राहिला, शस्त्रक्रियेची हत्यारं उकळून काय मरत नाही, सगळं विचारलं. वीरभद्र माझ्याकडे बघायला लागले. पोरगा घामाघूम झाला, पण पडला नाही. मला त्याचा राग येत होता, अक्का. इतका अभ्यास केलेल्या मुलाला मी आजवर असं शिव्या दिल्यासारखं तपासलेलं नाही.

मग मी म्हटलं, “सात वर्षांचा मुलगा. गालाला कुत्रं चावलंय, मांस लोंबतंय. काय करशील?”

“आधी जखम धुणार, मॅडम. वाहतं पाणी, साबण, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून.”

“मग?”

“जखमेच्या आत आणि भोवती रेबीजविरोधी सिरम टोचणार. मग लस. शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठाविसाव्या दिवशी.”

“गाल उघडा पडलाय. आई म्हणते टाके घाला.”

“नाही घालणार.”

“पाया पडते.”

“तरी नाही, मॅडम. सुईने विषाणू आत नसांपर्यंत जातो. घालायचेच तर सिरम भरून, काही तास थांबून, सैल.”

“हे पुस्तकातलं झालं. असं कुणी खरंच केलेलं ऐकलंयस?”

परीक्षेत मुलांना एक सवय असते. उत्तर बरं चाललंय असं वाटलं की परीक्षकावर छाप पाडायला एखादी घरची केस सांगतात. हा खुर्चीत ताठ झाला.

“हो मॅडम. आमच्या आजोबांनीच केलं होतं. मुखेडला. एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली, ‘घरचं कुत्रं चावलं’ म्हणत. आजोबा गावात नवीन होते. त्यांना वाटलं, घरचंच आहे, काही होत नाही. चार टाके घातले. मुलगा पंचवीस दिवसांत गेला.”

“बाई कुत्रं म्हणाली होती? पत्रा नाही?”

“पत्रा? नाही मॅडम. कुत्रंच. आजोबा प्रत्येक परीक्षेआधी मला ही केस सांगतात. म्हणतात, मी चुकलो, तू चुकायचं नाहीस.”

वीरभद्र म्हणाले, “व्वा, असे आजोबा पाहिजेत.”

मी पोराला जायला सांगितलं. त्याला पूर्ण गुण दिले. एकही चढवला नाही, एकही उतरवला नाही. गुणपत्रिकेचा लिफाफा बंद करून दोघांनी सह्या केल्या.

म्हणजे अक्का, त्याने खरं सांगितलं, पण फक्त स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातवाचं भलं व्हावं म्हणून. तुझ्या घरात त्याने एकतीस वर्षं खोटं ठेवलं.

आता तुझा प्रश्न. आठवडाभर टाळला. मी मानलं नव्हतं. मला वाटलं, सासूच्या धाकाने तू पत्रा म्हणाली असशील. डॉक्टर लिहिलेला कागद दाखवतोय आणि तू नुसती रडतेयस; मी कागद खरा धरला, कारण मला तेच शिकवलं होतं. तुला बोलले नाही. दर दिवाळीला येत राहिले आणि मनात तुला माफ करत राहिले. ज्याची माफी तुला कधी लागतच नव्हती ती देत राहिले.

त्याला आजच लिहिते आहे.

गोदा


लातूर,
२८ फेब्रुवारी २०२४

डॉ. अनंतराव कंधारकर,

तुमचे १२ तारखेचे पत्र माझ्याकडे आहे. मूळ प्रत, तुमच्या सहीची.

मुखेडच्या केवळाबाई शेषेराव इंगोले माझ्या थोरल्या भगिनी. बजरंग माझा भाचा.

तुमच्या नातवाने काल तोंडी परीक्षेत, डॉ. वीरभद्र यांच्या समक्ष, ती केस तुम्ही शिकवलेली तशी सांगितली. बाई ‘कुत्रं चावलं’ म्हणाली होती हेही सांगितले. मुलगा हुशार आहे. त्याचे गुण त्याला मिळाले आहेत आणि लिफाफा बंद झाला आहे. त्याची काळजी करू नका.

तुम्ही १५ मार्चला सकाळी दहा वाजता मुखेडला माझ्या बहिणीच्या घरी जायचे. शेषेराव आणि शेजारच्या लोकांसमोर, नातवाला सांगता तेच सांगायचे, आणि कागदावर पत्रा कुणी व का लिहिला तेही. न गेल्यास तुमचे पत्र सोळा तारखेला विद्यापीठात जाईल. ते मी इतके दिवस दडवले म्हणून माझ्यावरही कारवाई होईल. माझी हरकत नाही.

डॉ. गोदावरी पटणे


नांदेड,
३ मार्च २०२४

मा. मॅडम,

आपले पत्र वाचून दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही.

मी नाकारत नाही. त्या वेळी दवाखाना काढून आठ महिने झाले होते. मुलगा दगावला आणि शेषेरावांसोबत पंधरा-वीस माणसे दारात आली. मी घाबरलो. आत जाऊन नवा कागद केला. एकदा लिहिल्यावर परत फिरता आले नाही. आपल्या भगिनींना घरात त्रास होत असेल असे मनात आले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल.

मी लेखी माफीपत्र देतो. आपण ते त्यांना वाचून दाखवावे. मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत, मोतीबिंदूमुळे गाडी चालवता येत नाही, चारचौघांत उभे राहणे झेपणार नाही. आणि हात जोडून एक मागणे: वरदला यातले काही कळू नये. त्याला मी केवळ टाक्यांची चूक सांगितली आहे. कागदाची नाही. तो मला फार मानतो.

आपला,
अनंतराव


लातूर,
५ मार्च २०२४

डॉ. कंधारकर,

लेखी कागद तुम्ही एकदा दिलेला आहे. आमच्या घराला तो पुरला.

गाडी चालवता येत नसेल तर वरदला चालवायला सांगा. तो तुम्हाला नेईल. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून आलात तर माझी बहीण दार उघडणार नाही.

गोदावरी पटणे


मुखेड,
२४ मार्च

चि. गोदास,

नऊ दिवस झाले. लिहायला आता बसले.

पंधरा तारखेला दहाच्या आतच गाडी आली. पोरानं दार उघडून म्हाताऱ्याला हाताला धरून उतरवलं. त्याला वाटून राहिलं होतं, आजोबा जुन्या पेशंटला भेटायला आले. मला वाकून नमस्कार केला त्यानं. मी पाय मागं घेतले न्हाई, त्याचं काय चुकलं?

ओट्यावर मी सतरंजी टाकली न्हाई. खुर्ची ठेवली न्हाई. शेजारची गौरम्मा, तिचा मालक, समोरची दोन घरं, सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की डॉक्टर येऊन राहिला, या. हे कट्ट्याच्या कोपऱ्यावर बसले होते, भिंतीकडं तोंड करून.

म्हातारा हळू बोलला. मी म्हणाले, “ऐकू आलं न्हाई.” पुन्हा बोलला. गौरम्माचा मालक म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मागच्यांना कळंना झालंय.” तिसऱ्यांदा तो ओरडल्यासारखा बोलला. “ही बाई कुत्रं म्हणाली होती. मी पत्रा लिहिलं. मुलगा मेल्यावर लिहिलं.”

मी म्हाताऱ्याकडं बघतच न्हवते, नातवाकडं बघून राहिले होते. त्याचं तोंड असं झालं, जसं माझं झालं होतं तो कागद बघून. त्यानं एकच विचारलं, “आजोबा, मेल्यावर?” पोरानं त्याला पुन्हा हाताला धरलं न्हाई. पुढं जाऊन गाडीत बसला. म्हातारा भिंतीला हात लावत लावत, एकटा, गाडीपर्यंत गेला. कुणी उठलं न्हाई. मीही न्हाई. गोदे, मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. न्हाई वाटलं.

तू म्हणशील, झालं आता. न्हाई झालं.

गाडी गेल्यावर लोक पांगले. हे भिंतीकडून वळले. एकतीस वर्षांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि काय म्हणाले, ठाऊक हाय? “झालं गेलं. चहा ठेव.”

मी आत गेले. त्यांची वळकटी बांधली, दोन धोतरं, औषधाची पिशवी, चष्म्याचं घर. गड्याच्या हातानं शेतातल्या घरी, आखाड्यावर पाठवून दिली. हे म्हणाले, “हे काय?” मी म्हणाले, “डॉक्टर एकदाच खोटं बोलला. त्याला कारण होतं, तो भ्याला होता. तुम्ही कुणाला भ्यालात? मी तुमच्यासमोर रडून सांगत होते, कुत्रं म्हणाले होते. तुम्ही रोज उठून खोटं खरं धरलं. रोज.”

ते गेले. आखाडा पक्का हाय, लाइट हाय, उपाशी ठेवत न्हाई मी. दोन्ही वेळा भाकरी जाते.

मधल्या पत्रात तू लिहिलंस, लातूरला ये, माझ्याजवळ राहा. मी का येऊ? घर माझं हाय. आणि तुझ्याजवळ आत्ता न्हाई. तू मला माफ करत राहिलीस म्हणून लिहिलंस, ते मी वाचलं. तू खरं लिहिलंस म्हणून तुला पत्र तरी लिहून राहिले. दिवाळीला येऊ नको. पुढचं पुढं बघू.

हे रोज दिवस मावळताना दारापर्यंत येतात. चपला बाहेर काढतात, उंबऱ्याच्या अलीकडं थांबतात. “आत येऊ का?” म्हणतात. गौरम्मा म्हणते, “घे की बाई आत, म्हातारं माणूस हाय.” मी अजून काही उत्तर दिलं न्हाई. त्यांनी एकतीस वर्षं घेतली. माझे आत्ता कुठं नऊ दिवस झालेत.

तुझी,
अक्का